तोड दहाच्या आत

पहाटे ५

एप्रिल निम्मा सरला की बागेत पहिला चहा अंधारातच होतो. पावसच्या पुढे, समुद्राकडच्या सड्यावर आमची कलमं आहेत. इथे जमीन म्हणजे कातळ. मागच्या पिढ्यांनी सुरुंग लावून खड्डे घेतले, बाहेरून तांबडी माती आणून त्यात भरली आणि हापूस लावला. झाडाखाली तेवढी माती, बाकी सगळा काळा दगड. दुपारी हा दगड चपलेतून पाय भाजतो, मग आंब्याचं काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून इथलं वेळापत्रक उन्हाने आखलेलं आहे. सकाळची तोड दहाच्या आत, संध्याकाळची चारनंतर. मधे झाडाला हात लावायचा नाही.

रात्रभर राखण केलेले नेपाळी गडी गळ वेचून आणतात. त्यात वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं असतात, किडकी असतात, एखादा पाडाचा आंबाही सापडतो. पाडाचा कोणाच्या वाटणीचा यावर रोज थोडी थट्टा होते. किडकी फळं मात्र खड्ड्यात पुरायचीच, नाहीतर फळमाशी तिथेच वाढते. झाडांवर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले रक्षक सापळे टांगले आहेत. गंधाने नर माश्या आत येतात आणि अडकतात. २०१४ मध्ये याच माशीपायी युरोपने आपला आंबा बंद केला होता, तेव्हापासून सापळ्याला हसणारे शेजारीही सापळे लावू लागले.

सकाळी ६

फळाचा रंग दिसेल एवढं उजाडलं की तोड सुरू. दिवसातले खरे चार तास हेच.

झाडावर चढणाऱ्याला आधी ठरवायचं असतं, कुठलं फळ घ्यायचं. आमच्याकडे तयारी आण्यात मोजतात. सोळा आणे म्हणजे झाडावरच पूर्ण झालेलं फळ. खायला उत्तम, पण पेटीत घालायला निरुपयोगी. बारा आण्यांचं घेतलं तर ते आढीत सुरकुततं आणि पिवळं होऊनही आंबटच राहतं. बाजाराला हवा चौदा आण्यांचा. त्याचे खांदे देठाच्या वर आलेले असतात, देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो आणि गडद हिरवा रंग उतरून पोपटीकडे झुकलेला असतो. शंका आली तर एक-दोन फळं बादलीतल्या पाण्यात टाकून बघतात. तयार फळ तळाला जातं, कोवळं तरंगतं. पण फांदीवर बसलेल्याजवळ बादली नसते. तिथे नजरच लागते. एकाच घोसातली तीन फळं तीन वेगवेगळ्या तयारीची असतात, कारण मोहोर काही एका दिवशी फुललेला नसतो.

मग झेला वर जातो. लांब बांबू, टोकाला कडी, कडीला जाळी आणि वर पाती. पात्यात देठ धरून हलका हिसका दिला की फळ जाळीत पडतं. देठ मात्र इंचभर फळालाच राहिला पाहिजे. तो मुळातून तुटला की चिकाची चिळकांडी उडते, सालीवर ओघळ येतो आणि पुढे तिथे काळा डाग पडतो. हातावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते. तोडणाऱ्यांच्या मनगटांवर मे अखेरपर्यंत हे डाग असतात.

खाली क्रेट घेऊन उभ्या असलेल्या काकींची नजर वरच्यापेक्षा तिखट आहे. फळ हातात घेताक्षणी त्या बोलतात, “दादा, ह्यो बाराच आन्याचा हाय. वरल्याला सांगा, घाई नको.” मी वर ओरडतो. वरून उत्तर येतं, “एकच आला तसा!” काकी क्रेटमधून आणखी दोन काढून दाखवतात.

भरलेलं क्रेट लगेच सावलीत न्यायचं. यावर मी कोणाचंच ऐकत नाही. तोडलेलं फळ तापल्या कातळावर राहिलं की साक्याचा धोका वाढतो. साका म्हणजे गरात पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस भाग. साल निर्दोष, रंग सुंदर, वास घमघमीत, आणि गिऱ्हाइकाने सुरी घातली की आपली लाज जाते. बाहेरून तो कोणालाच कळत नाही, मला नाही आणि दलालालाही नाही. म्हणून उन्हात तोड करणाऱ्याला आणि पहाटे उठणाऱ्याला बाजारात भाव एकच. दापोलीने १९८१ मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना ही जात दिली, तिच्यात साका होत नाही. आमच्या गडग्याच्या कडेला तिची काही झाडं आहेत. फळ गोड आहे, घरचे आवडीने खातात. पण माणसं हापूस मागतात, त्याला काय करणार!

१० वाजता

झेले खाली. राहिलेली फांदी राहू दे.

दुपारी १

उकड्या तांदळाची पेज, सुकट, खारातली कैरी. मग तासभर सगळे आडवे. वानरं आडवी होत नाहीत, त्यामुळे एकजण फटाके घेऊन बागेत.

दुपारी २

मांगरात प्रतवारी. फळ तळहातावर तोलून काकी वजन सांगतात, काटा आम्ही फक्त भांडण मिटवायला ठेवला आहे. मोठं फळ चार डझनी पेटीत, त्याखालचं पाच आणि सहा डझनीत. डागी बाजूला, तो पुढे कॅनिंगला किलोवर जाईल. पेटीत खाली पेंढा, मग फळांचा थर, पुन्हा पेंढा.

कोपऱ्यात पुण्याच्या ओळखीच्या घरांसाठी लावलेली आढी आहे. पेंढ्यात हात घातला की ऊब लागते. वरचं फळ खाली, खालचं वर, हे काम काकी डोळे मिटल्यासारखं वासावर करतात.

पेटीवर लेबल लागतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी रस्त्यावरच्या हातगाडीवर कर्नाटकातला आंबा ‘रत्नागिरी’ म्हणून खपतोच. खोका आमच्याकडचाच असतो, रिकामा झालेला.

संध्याकाळी ४

दुसरी तोड, छोटी. सकाळी सोडलेल्या फांद्या आता घेतात. साडेपाचला टेम्पो येतो, पेट्या चढतात आणि हातखंब्याला महामार्ग धरतात. पहाटे त्या वाशीला उतरतील.

रात्री ८

आदल्या दिवशीच्या मालाचा फोन येतो. पट्टी नंतर येते. तिच्यात आधी भाव, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होत होत आपल्यापर्यंत जे उरतं ते. आज भाव उतरला आहे. माल एकदम आला म्हणतात. दोन दिवस तोड थांबवावी असं कोणालाही वाटेल. पण तयार फळ झाडावर ठेवलं तर ते सोळा आण्यांकडे सरकतं, साकाही वाढतो आणि भाव चढेपर्यंत हाती पाडच उरतो. शिवाय आभाळाचा भरवसा नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्यावरच्या बागांतला आंबा एका दिवसात खाली झोपवला होता.

मुकादम दारात उभा आहे. त्याला सांगतो, “उद्या सड्यावरची मोठी कलमं धरा, ती थांबणार नाहीत. खालच्या वाडीतल्यांना चार दिवस जाऊ देत. आणि पुठ्ठ्याचे खोके कमी पडताहेत, सकाळी आधी ते बघा.”