फादरचा पैसा? आधी त्याचा माग काढा

बेल्ह्याच्या आठवडे बाजारात बैलांचा भाव विचारता विचारता गप्पा पावसावर येतात, तिथून घाटावरच्या आणे पठाराच्या कोरड्या विहिरींवर, आणि मग कोणीतरी ठामपणे सांगतो, "पाणलोटाची ती सगळी कामं मिशनरी लोकांची. बाहेरचा पैसा, धर्म बदलायला आलेला." सांगणारा चांगला शिकलेला असतो आणि ऐकणारे माना डोलावतात. हे इतक्यांदा कानावर आलंय की आता नीट उत्तर द्यायलाच हवं.

शेजारच्या संगमनेर तालुक्यातली दरेवाडी घ्या. एकेकाळी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं हे गाव. 1990 च्या दशकात तिथे पाणलोटाचं काम उभं राहिलं ते 'वॉटर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टमुळे. संस्था 1993 मधली. संस्थापक फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो. बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू, 1948 मध्ये भारतात आलेले. इथपर्यंत आलं की समोरचा लगेच म्हणतो, "बघा, फादरच ना!"

हो, फादरच. पण पैशाचा माग काढा. दरेवाडीचं काम ज्यात झालं त्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा मुख्य निधी जर्मन सरकारचा, म्हणजे तिथल्या करदात्यांचा होता. प्रत्यक्ष कामांचा पैसा केएफडब्ल्यू या त्यांच्या सरकारी बँकेकडून यायचा आणि नाबार्डमार्फत गावात उतरायचा. गावात पाणलोट समिती असायची आणि बँकेतलं खातं समिती व संस्था यांचं संयुक्त. त्याआधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळी चर, बांधबंदिस्ती, नालाबांध. डोंगरात अडवलेलं पाणी खालच्या विहिरीचा मालक कोणत्या देवाला हात जोडतो हे बघून झिरपत नाही.

आता खरोखर चर्चच्या वर्गणीवर चालणाऱ्या देणगी संस्थांकडे येऊ. जर्मनीतल्या कॅथलिक बिशपांनी 1958 मध्ये आखेन इथे मिझेरिओर ही संस्था सुरू केली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चमध्ये जमणारी वर्गणी, लोकांच्या देणग्या आणि जर्मन सरकारचं अनुदान यांतून तिचा निधी उभा राहतो. अशी संस्था स्वतः कुदळ मारत नाही. इथली संस्था प्रस्ताव पाठवते, त्याची छाननी होते, अंदाजपत्रक ठरतं, पैसा हप्त्याने येतो आणि आधीच्या हप्त्याचा हिशेब दिल्यावरच पुढचा सुटतो. एका हप्त्याच्या पावत्या जुळवताना संस्थेच्या हिशेबनिसाला किती रात्री जागावं लागतं ते एकदा पाहावं. मग "फुकटचा पैसा" हा शब्द तोंडून निघणार नाही.

शिवाय आपला कायदा आहे. परदेशी देणग्यांवर 1976 पासून कायद्याचं नियंत्रण आहे. सध्याचा कायदा 2010 चा. आमिष किंवा जबरदस्तीने धर्मांतर घडवल्याबद्दल खटला चाललेल्या किंवा दोषी ठरलेल्या संस्थेला त्यात नोंदणी मिळत नाही. आणि हेही सांगायला हवं की याच कायद्यात धार्मिक कार्यासाठी परदेशी देणगी घेण्याची मुभा आहे, मग धर्म कोणताही असो. म्हणून "ख्रिस्ती संस्था आहे का?" एवढं विचारून काही कळत नाही. पैसा कोणत्या कामासाठी घेतला आणि कशावर खर्च झाला, हे विचारावं लागतं.

संशय आकाशातून पडलेला नाही, हे मला मान्य आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेला बोस्टनच्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने 1887 मध्ये दहा वर्षं मदत करायचं ठरवलं, तेही शाळेत धर्मशिक्षण असणार नाही या बोलीवर. तरी 1893 मध्ये पुण्यात मुलींच्या धर्मांतरावरून गदारोळ झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. तो वाद खरा होता. पण त्याच्या आधारावर सव्वाशे वर्षांनंतरच्या नालाबांधावर आरोप करायचा, ही कुठली रीत?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "पैसा रोकड पिशवीतून येतो": या कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. "मोठी संस्था घेते आणि लहानांना वाटते": त्याच दुरुस्तीने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद केलं, याचा फटका खेड्यातल्या लहान संस्थांना बसला, आणि तो अन्याय आहे असं माझं मत आहे. "सगळा पैसा पगारात जातो": प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आहे. "त्यांच्या देशात गरीब नाहीत म्हणून इकडे पाठवतात": जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चची डायकोनी देशातल्या वृद्धांसाठी, अपंगांसाठी, बेघरांसाठी काम करते, तर 'ब्रोट फ्युअर दी वेल्ट' परदेशातल्या प्रकल्पांना अनुदान देते, 2012 पासून दोन्ही एकाच छत्राखाली आहेत.

आणि "हिशेब कोण दाखवतो?" हा प्रश्न. आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांच्या आत लेखापरीक्षित हिशेब स्वतःच्या किंवा सरकारने ठरवलेल्या संकेतस्थळावर टाकणं संस्थेवर बंधनकारक आहे. तुमच्या गावात काम करणाऱ्या संस्थेकडे तो मागा.