ऑइल बदलायचंय, पण कोणतं?

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागतात. त्यांच्यामागे धुरळा खात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना गाडीच्या इंजिनाचा खरा कस लागतो. घरी ऑइल बदलणार असाल तर डब्याआधी गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडा.

त्यात ५डब्ल्यू-३० असा काही आकडा असतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. दुसरा, १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. इंदापूरचं ऊन कडक म्हणून मनानेच जाड ऑइल घालू नका. चालत्या इंजिनातलं ऑइल थंडीतही शंभराच्या आसपास तापतंच. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असेल, तर कमी राख सोडणारंच ऑइल हवं. साध्या ऑइलच्या राखेने तो हळूहळू चोंदतो.

फिल्टर दर वेळी नवाच. जुना काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू करताच ऑइल भसाभसा बाहेर येतं. नव्या रिंगेला ऑइलचं बोट फिरवा आणि फिल्टर हातानेच आवळा. किती फेरे, ते बहुधा फिल्टरवरच छापलेलं असतं.

काढलेलं ऑइल नीरा डाव्या कालव्याच्या चारीत किंवा बांधावर मुळीच ओतू नका. कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन द्या.