मुंगी कोणती, हे रंगावरून का ठरवू नये?

लाल मुंगी चावते, काळी बिचारी गरीब. बहुतेक घरांत मुंग्यांची ओळख एवढ्यावरच संपते. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागेत मात्र हा हिशोब चुकतो आणि त्याचा फटका झाडाला बसतो.

मोसंबीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण आला की मुंग्या येतातच. या किडी सोडतात तो गोड चिकट द्रव त्यांना हवा असतो. त्या बदल्यात त्या किडी खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट अडवतात. पण ही पट्टी कामाची की नाही, हे मुंगी कोणती यावर ठरतं.

बघायचं काय?

आधी कंबर. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन? मोठ्या काळ्या मुंगळ्याला (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) एकच गाठ असते. त्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो. त्याचं वारूळ जमिनीत, बहुधा झाडाच्या बुंध्याशी असतं, त्यामुळे पट्टी त्याला अडवते. फांद्या जमिनीला टेकलेल्या असतील तर मात्र तो तिकडून चढतो.

दोन गाठी आणि बदामाच्या आकाराचं पोट दिसलं, डिवचल्यावर ते पोट डोक्यावर उचललं, तर ती क्रेमॅटोगॅस्टर. हिच्या काही जाती झाडावरच घर करतात. ती वरच राहत असेल तर खालची पट्टी काय करणार?

दोन गाठींचीच, पण लालसर आणि आग होईल असा डंख मारणारी मुंगी म्हणजे बऱ्याचदा सोलेनोप्सिस जेमिनाटा. ती मूळची अमेरिका खंडातली. तिच्या मिशीला दहा पेरं असतात आणि टोकाची दोन जाड असतात. ती मोजायला भिंग लागतं. डंखानंतर श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर ओळख पटवत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

आकारही फसवतो. एकाच वारुळातले मुंगळे सात मिलिमीटरपासून दीड सेंटीमीटरपर्यंत असू शकतात. ती पिल्लं नव्हेत. मुंगीची पिल्लं पांढऱ्या अळ्या असतात आणि प्रौढ झालेली मुंगी पुढे वाढत नाही.

ओळख विचारायला फोटो टाकायचा असेल तर तो वरून नको, बाजूने काढावा. वरून कंबरेच्या गाठी नीट दिसत नाहीत.