दारू सोडायची आहे, पण सभा कुठे भरते?

“डॉक्टर, यांची दारू सुटेल असं काहीतरी औषध द्या, मी चहातून न कळत देते.” दवाखान्यात हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडते. बोलणारी बहुधा आई किंवा पत्नी असते. तिची कळकळ खरी असली तरी असे औषध चोरून कधीही देऊ नये. डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, धडधड सुरू होते, रक्तदाब घसरतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

औषधांचा उपयोग आहेच, पण त्यांच्याबरोबर मी एका सभेचा पत्ता देतो. सभा म्हटले की समोरचा चेहरा पडतो. “भाषण ऐकून कुणाची दारू सुटते का?”

भाषण तिथे नसतेच. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ए.ए., ही संघटना १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या शहरात सुरू झाली. बिल विल्सन हे शेअर बाजारातले गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पुरते पोखरलेले. एका मद्यपीने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलले की त्या दिवसापुरती तरी ओढ टळते, हे त्यांच्या ध्यानात आले. आपल्या देशात हे काम १९५७ पासून चालते. सभेत एकेक जण उठून स्वतःची हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्येच कोणी टोकत नाही, उपदेश करत नाही. फी नाही, वर्गणीची सक्ती नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. आयुष्यभराच्या शपथा इथे घ्यायला लावत नाहीत, आजचा दिवस प्यायचे नाही एवढेच. मला स्वतःला हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण शपथा मोडलेली माणसे मी भरपूर पाहिली आहेत.

आता पत्त्याविषयी. अनामिकता हा या संघटनेचा कणाच, त्यामुळे दारावर मोठी पाटी नसते. संध्याकाळी एखाद्या शाळेचा वर्ग, चर्चचा किंवा समाजमंदिराचा हॉल तासा-दीड तासापुरता घेतलेला असतो. म्हणून नुसते विचारत हिंडण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी करावी. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून या क्षेत्रात आहे, अशा केंद्रांतील मंडळींना कुठे काय चालते याची माहिती असते. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे. चौकशी करताना वार, वेळ आणि सभा खुली आहे की बंद, हे विचारून घ्यावे. खुल्या सभेला घरचे माणूस सोबत बसू शकते, बंद सभा फक्त मद्यपींसाठी असते.

“पण तिथे कुणी ओळखीचा भेटला तर?” हा प्रश्न हमखास येतो. गंमत अशी की गुत्त्यात ओळखीचा भेटेल याची भीती वाटलेली नसते! तरीही ही लाज खरी आहे, आणि छोट्या गावात तर फारच. त्यावर माझा साधा तोडगा असा, की पहिल्या काही सभांना शेजारच्या तालुक्याला जावे. आणि ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. पहिल्या सभेत मन रमले नाही, तर दुसरा गट पाहावा. प्रत्येक गटाचा सूर निराळा असतो. देवाचा उल्लेख आला म्हणून काही जण बिचकतात, पण देव कसा मानायचा हे ज्याचे त्याच्यावर सोपवलेले असते.

याने खरेच गुण येतो का? २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, सुमारे साडेदहा हजार रुग्णांचा आढावा घेतला. ए.ए. आणि रुग्णाला ए.ए.कडे वळवणारे पद्धतशीर समुपदेशन यांच्यामुळे दारूपासून पूर्ण दूर राहण्याचे प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे, बऱ्याचदा अधिकच दिसले. सर्वांनाच लाभ होतो असे मात्र नाही.

एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने सभेच्या उत्साहात एकदम दारू तोडू नये. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेली माणसे दिसू लागतात. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे, गरज पडल्यास दाखल व्हावे आणि ब-१ जीवनसत्त्वासह औषधे घ्यावीत.

आणि नवरा यायला तयारच नसेल तर? तर बाईने एकटीने निघावे. बिल यांच्या पत्नी लुइस विल्सन यांच्या पुढाकाराने १९५१ साली मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ची स्थापना झाली. बाटल्या लपवणे, त्याच्या साहेबांना खोटी कारणे सांगणे, उधारी फेडणे यांत ती कशी पिळून निघते, हे तिथल्या बायकांना समजावून सांगावे लागत नाही. अशा सभेला जाण्यासाठी नवऱ्याने दारू सोडलेली असण्याची अट नाही, त्याच्या परवानगीचीही नाही.