घड्याळ ग्राहकाचे, सुटे भाग कंपनीचे

यांत्रिक मनगटी घड्याळाला किल्ली दिली की गुंडाळली गेलेली मुख्य कमान हळूहळू उलगडू लागते, तिची शक्ती दातेरी चाकांमधून ‘बॅलन्स व्हील’ या झुलत्या चक्रापर्यंत पोचते आणि हेअरस्प्रिंग ही केसासारखी बारीक कमान त्या चक्राला ठरावीक लयीत मागेपुढे फिरवत राहते. आजच्या बऱ्याच घड्याळांत अशी अर्धआंदोलने तासाला २८,८०० होतात. साहजिकच काही वर्षांत वंगण सुकते, चाकांचे आस झिजतात आणि घड्याळ पूर्ण उघडून, धुऊन पुन्हा जोडावे लागते.

या कामाला कसबी हात लागतो तसे सुटे भागही लागतात, आणि वाद नेमका या सुट्या भागांवरून आहे. घड्याळ फरशीवर पडले तर बॅलन्स व्हीलच्या आसाची, म्हणजे बॅलन्स स्टाफची, मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी जाड टोके मोडू शकतात. निष्णात घड्याळजी असा आस लेथवर कातूनही काढतो, परंतु सिलिकॉनची हेअरस्प्रिंग किंवा त्या-त्या मॉडेलसाठीच घडवलेले पाणीरोधक वॉशर त्याच्या दुकानात तयार होणे शक्य नाही. ते मूळ कंपनीकडूनच यावे लागतात, आणि अनेक स्विस कंपन्यांनी गेल्या काही दशकांत ते केवळ आपल्या अधिकृत दुरुस्ती केंद्रांपुरते राखून ठेवले आहेत. ओमेगा, लाँजीन, टिसॉ ही नावे ज्याच्या छत्राखाली येतात त्या स्वॉच समूहानेही २०१५च्या अखेरीस ब्रिटनमधील घाऊक विक्रेत्यांना होणारा सुट्या भागांचा पुरवठा थांबवला.

कंपन्यांचे म्हणणे असे की, नवी यंत्रणा गुंतागुंतीची असते, बनावट भागांचा सुळसुळाट आहे आणि अडाणी हाताने बसवलेल्या झाकणातून पाणी शिरले तर बदनामी कारागिराची न होता कंपनीची होते. यात तथ्य नाही असे नाही. मात्र अधिकृत दर्जासाठी प्रत्येक कंपनी आपले स्वतंत्र प्रशिक्षण आणि ठरावीक यंत्रसामग्री यांची अट घालते, तेव्हा दहा-बारा कंपन्यांची घड्याळे दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानदाराला तो सारा खर्च झेपत नाही. मग त्याचे कसब कितीही वादातीत असो, तो बाहेरच राहतो. जुन्या घड्याळांच्या संग्राहकांची अडचण निराळीच आहे: अधिकृत केंद्रात काळवंडलेली तबकडी आणि काटे बदलून नवे बसवले जाण्याची शक्यता असते, आणि संग्राहकाच्या लेखी घड्याळाची किंमत त्या जुनेपणातच असते.

युरोपातील घड्याळ दुरुस्तीदारांच्या महासंघाने २००४ साली युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. घड्याळ आणि त्याची दुरुस्ती ही एकच बाजारपेठ असून दुरुस्ती महाग वाटल्यास ग्राहक दुसऱ्या कंपनीचे घड्याळ घेईल, अशा आशयाचा तर्क मांडून आयोगाने २००८मध्ये ती फेटाळली. हजारो युरोंचे घड्याळ दुरुस्तीच्या बिलापायी कोण बदलतो, हा साधा प्रश्न या तर्कात सुटून गेला होता. युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने २०१० साली आयोगाचा निर्णय अपुऱ्या कारणमीमांसेमुळे रद्द केला. आयोगाने पुन्हा चौकशी करून २०१४मध्ये तक्रार दुसऱ्यांदा फेटाळली आणि २०१७ साली न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. अधिकृत दुरुस्तीदार एकमेकांशी स्पर्धा करत असतील, तर भाग नाकारणे म्हणजे स्पर्धा संपवणे ठरत नाही, असा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. मात्र त्या दुरुस्तीदारांची निवड कंपनीच करते आणि त्यांना भागही तीच पुरवते, हे लक्षात घेतले तर ही स्पर्धा किती मोकळी आहे याविषयी शंका उरते.

मोटारींच्या बाबतीत कायदा वेगळ्या वाटेने गेला. युरोपीय संघाच्या २०१०च्या नियमांनुसार अधिकृत वितरकांनी स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग विकण्यावर निर्बंध घालणे हे गंभीर उल्लंघन मानले जाते, तर भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ साली अशाच प्रकारच्या अडवणुकीबद्दल १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. मोटार ही गरजेची वस्तू आणि उंची घड्याळ ही चैन, असा भेद यामागे असावा. दुरुस्तीच्या हक्काविषयी युरोपीय संघाने २०२४ साली काढलेल्या निर्देशात धुलाई यंत्रे आणि मोबाइल फोन आहेत, मनगटी घड्याळे नाहीत. त्यामुळे स्वतंत्र घड्याळजींना घाऊक विक्रेत्यांकडे उरलेला जुना साठा धुंडाळावा लागतो, किंवा त्याच मॉडेलचे बंद पडलेले घड्याळ विकत घेऊन त्यातील चाके दुसऱ्यात बसवावी लागतात.