करार सगळेच करतात, राहतं कोण?

दोन देशांतल्या विद्यापीठांचे सामंजस्य करार आपल्याला नवे नाहीत. शाल, श्रीफळ, फोटो. पुढे फायलीचं काय होतं, कोण विचारतं? केनियातलं मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ यांची भागीदारी मात्र पस्तीस वर्षं उलटली तरी चालू आहे. ती का टिकली, हे पाहण्यासारखं आहे.

१९८९च्या सुमाराला पश्चिम केनियात एल्डोरेटला, मक्याच्या शेतांच्या आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या मुलखात, देशातलं दुसरं वैद्यकीय महाविद्यालय आकार घेत होतं. इंडियानाचे जो मॅमलिन, रॉबर्ट आइनटर्झ आणि सहकारी त्यात सामील झाले. इंडियानाच्या एका तरी डॉक्टरने एल्डोरेटलाच बिऱ्हाड करायचं, वॉर्डात राऊंड घ्यायचा आणि शिकवायचं, हा शिरस्ता पडला. विद्यार्थ्यांची ये-जाही दोन्ही बाजूंनी होती. अमेरिकी मुलं एल्डोरेटच्या वॉर्डात शिकत, केनियाची मुलं इंडियानाच्या रुग्णालयांत.

या शिरस्त्याचा कस लागला एड्सच्या साथीत. एकेका खाटेवर दोन-दोन रुग्ण असत. औषधं निघाली होती, पण ती श्रीमंत देशांना परवडणारी. २००० मध्ये मॅमलिन यांना वॉर्डात मोईचाच एक वैद्यकीय विद्यार्थी मरणपंथाला लागलेला दिसला. त्यांनी खटपट करून त्याच्यासाठी औषधं मिळवली आणि तो बरा होऊन हिंडूफिरू लागला. एकाला जमलं तर बाकीच्यांना का नाही? त्यातून २००१ मध्ये ‘ॲम्पाथ’ हा उपचार कार्यक्रम उभा राहिला. आधी रुग्णसेवा, मग तिच्या आधाराने शिक्षण आणि संशोधन, असा त्याचा क्रम.

रोज रुग्ण पाहणाऱ्याला पुढची अडचण आपोआप कळते. रिकाम्या पोटी गोळ्या काय गुण देणार? म्हणून कार्यक्रमाने स्वतःची शेती केली आणि गरजू रुग्णांना औषधाबरोबर धान्य-भाजीही लिहून दिली जाऊ लागली. रुग्ण वाढले तशा कागदी नोंदी हाताबाहेर गेल्या. मोसोरिओतच्या ग्रामीण आरोग्य केंद्रात संगणकावर नोंदी सुरू झाल्या होत्याच. त्या अनुभवातून पुढे ‘ओपन एमआरएस’ ही कुणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली घडली. तिच्यावर बेतलेली ‘बहमनी’ ही प्रणाली छत्तीसगडमधल्या गनियारीच्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ रुग्णालयात वापरात आली.

या भागीदारीत पारडी समान नाहीत, हेही खरं. मोठा निधी अमेरिकेचा, त्यामुळे दोरीही तिकडेच. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली, तेव्हा एल्डोरेटलाही झळ बसली. पण मोईच्या वैद्यकीय शाखेत शिकून बाहेर पडलेले डॉक्टर कुणाच्या अर्थसंकल्पातलं कलम नाहीत. पुढच्या तुकड्या आता त्यांच्याच हाताखाली तयार होतात.