पहिले डंबेल किती किलोचे?

घरी वजनांचा व्यायाम सुरू करताना किती किलोचे डंबेल घ्यावे, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. वजन माणसावरून जेवढे ठरते, त्याहून जास्त हालचालीवरून ठरते. मांड्या, नितंब आणि पाठ यांचे स्नायू मोठे. खांद्याचे आणि दंडाचे त्यांच्या मानाने लहान. हात बाजूने खांद्याच्या रेषेपर्यंत उचलण्याचा लॅटरल रेझ करताना जिला 2 किलोसुद्धा दहाव्या खेपेला जड होतात, तीच छातीशी 8 किलो धरून बैठका आरामात मारते. दुकानात ‘तुम्हाला पाच किलोची जोडी पुरे’ असे सांगितले जाते, ते कुठल्यातरी एकाच व्यायामापुरते खरे असते.

योग्य वजन ओळखण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुजली. थॉमस डीलॉर्म हे अमेरिकी लष्करातले डॉक्टर. जखमी सैनिकांचे अशक्त झालेले स्नायू पुन्हा बळकट करण्यासाठी त्यांनी जड वजनांचा वापर केला आणि 1945 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. जे वजन नीट पद्धतीने दहाच वेळा उचलता येते, अकराव्यांदा नाही, ते त्यांनी माप म्हणून धरले. पुढे त्या वजनाच्या निम्म्याने पहिला सेट (म्हणजे सलग खेपांची एक फेरी), पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा, असा क्रम त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने मांडला. घरच्या नवशिक्याला हा क्रम आजही सोयीचा आहे, कारण हलक्या सेटांत अंग आपोआप तापते.

आता नवशिक्यांना साधारणपणे एका सेटमध्ये 8 ते 12 रेप्स, म्हणजे खेपा, सांगितल्या जातात. त्यातही अगदी दमछाक होईपर्यंत जाण्याची गरज नसते. सेट संपला तेव्हा अजून दोन-तीन रेप्स निघाल्या असत्या असे वाटले, की वजन बरोबर आहे. बारा झाल्यावरही गप्पा मारत आणखी सात-आठ काढता येत असतील तर ते हलके. आठच्या आतच पद्धत बिघडत असेल तर जड. पद्धत बिघडते कशी, हे कोपर दुमडून डंबेल खांद्याकडे आणण्याच्या बायसेप कर्लमध्ये स्पष्ट दिसते. कोपर बरगडीपासून सुटून पुढे येते, कंबर मागे वाकते आणि डंबेल उचलले न जाता झोक्याने वर फेकले जाते. तिथून पुढे दंडाचे काम संपलेले असते आणि कमरेचे दुखणे सुरू होण्याची शक्यता असते. खाली आणताना डंबेल नुसते सोडून द्यावे लागत असेल, तरीही ते जडच.

तरीही खरेदीला काही अंदाज लागतोच. सुदृढ पण सवय नसलेल्या प्रौढांसाठी दर हाताचे आकडे साधारण असे धरता येतात: लॅटरल रेझसाठी स्त्रियांना 1 ते 2 आणि पुरुषांना 3 ते 4 किलो, कर्ल व शोल्डर प्रेससाठी (डंबेल खांद्यापासून डोक्यावर नेणे) त्यांना अनुक्रमे 2.5 ते 4 आणि 5 ते 7.5, खाटेवर किंवा बाकावर एक हात टेकवून दुसऱ्याने डंबेल कमरेकडे ओढायच्या रोइंगला 4 ते 6 आणि 7.5 ते 10. दोन्ही हातांनी एकच डंबेल छातीशी धरून करायच्या गॉब्लेट स्क्वॉटला स्त्रियांनी 6 ते 10 आणि पुरुषांनी 10 ते 16 किलोंपासून सुरुवात करायला हरकत नाही. हे आकडे फक्त सुरुवातीचे. शेवटचा शब्द वर सांगितलेल्या कसोटीचा.

स्त्रियांसाठी म्हणून दुकानात मांडलेल्या गुलाबी एक किलोच्या जोडीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. पंधरा लिटरच्या भरलेल्या बादलीत पाणीच 15 किलो असते. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस, वर जवळपास तेवढेच लोखंड. हे ओढणाऱ्या-उचलणाऱ्या बाईला बैठकांसाठी एक किलो देणे हा तिच्या ताकदीचा अपमान आहे. ती जोडी खांद्याच्या दुखापतीनंतरच्या व्यायामांना, लॅटरल रेझला किंवा फार अशक्त माणसाला उपयोगी पडते, एवढेच.

दुसऱ्या टोकाला, वजन घेतल्याशिवाय व्यायामच होत नाही हाही गैरसमज. जोर मारताना शरीराच्या सुमारे दोन-तृतीयांश वजनाचा भार हातांवर येतो. म्हणजे 60 किलोच्या माणसाचा एक जोर जवळपास 40 किलोंचा. तालमीत जोर-बैठकांना जे स्थान आहे, त्यामागचे गणित हेच. गुडघे टेकून मारलेल्या जोरात भार शरीराच्या वजनाच्या साधारण निम्म्यावर येतो आणि नवख्याला ते पुष्कळ आहे.

वजन निवडण्यातली खरी अडचण पहिल्या दिवशी येत नाही, दीड-दोन महिन्यांनी येते. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद भराभर वाढते. स्नायू तेवढे वाढलेले नसतात. मेंदू आणि मज्जातंतू असलेलेच स्नायू अधिक नेमकेपणाने कामाला लावू लागतात. वजन वाढवायचे ते एका वेळी 2 ते 10 टक्क्यांनी, असे मार्गदर्शन अमेरिकेच्या क्रीडावैद्यक महाविद्यालयाने, म्हणजे तिथल्या या विषयाच्या संघटनेने, 2009 च्या निवेदनात केले आहे. घरात ते जमत नाही. 5 किलोच्या ठोस डंबेलनंतर 7.5 चे घेतले, तर एकदम 50 टक्के वाढ झाली. मांड्यांना ती पेलते, खांद्यांना नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, वजन तेच ठेवून रेप्स 15 पर्यंत नेणे, खाली आणताना तीन सेकंद घेणे आणि मगच पुढच्या वजनाला हात घालणे. दुसरा, ठोस डंबेल न घेता रॉड आणि सुट्या प्लेट घेणे. त्यातही लक्षात ठेवायचे ते सर्वांत लहान प्लेटचे वजन. प्लेट दोन्ही बाजूंना लावावी लागते, म्हणून 1.25 किलोची जोडी चढवली की भार 2.5 किलोंनी वाढतो. अर्ध्या किलोच्या प्लेट असतील तर वाढ एकच किलोची. नुसत्या रॉडचे वजनही हिशेबात घ्यावे. लोखंडी छोटा रॉड लॉकसकट दीड-दोन किलोंचा सहज भरतो.

प्रकारांपैकी ओतीव लोखंडाच्या प्लेट लहान आणि टिकाऊ. कोकणातल्या हवेत त्यांना गंज चढतो, तेवढे तेल-रंग पाहावे लागते. रबरी आवरणाच्या प्लेट फरशी फोडत नाहीत आणि खालच्या मजल्याची झोपही मोडत नाहीत. प्लास्टिकच्या वेष्टनात सिमेंट भरलेली वजने स्वस्त, पण त्याच भाराला आकाराने मोठी असतात आणि शिवण उसवली की भुकटी गळू लागते. आयात मालावर कधी पौंड छापलेले असतात: 10 पौंड म्हणजे 4.5 किलो. केटलबेलची, म्हणजे वर मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याची, वजने रशियातल्या ‘पूद’ या जुन्या मापावरून, म्हणजे सुमारे 16.4 किलोंवरून आली. 16, 24, 32 ही चढण तिथली. पहिली केटलबेल स्त्रियांनी 8 ची, पुरुषांनी 12 किंवा 16 ची घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे आणि त्यातून साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना वगळलेले नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब झपाट्याने चढतो, म्हणून वर नेताना श्वास सोडायचा.

पहिल्या खरेदीला दोन छोटे रॉड, चार लॉक आणि अर्ध्या किलोपासून 2.5 किलोपर्यंतच्या मिळून वीसेक किलो प्लेट एवढे पुष्कळ आहे. प्लेट जुन्या घेतल्या तरी चालतात, फक्त भोकाचा व्यास रॉडशी जुळतो का ते पाहावे. जाड रॉडच्या प्लेटला 50 मिलिमीटरचे भोक असते आणि ती घरगुती रॉडवर खुळखुळते. लॉक मात्र नवेच घ्यावेत आणि प्रत्येक सेटआधी ते पिळून पाहावेत.